मेयोचं पाखरू

नागपुरात इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात जायचंय असं सांगितलं, तर रिक्षावाला जरा विचारात पडतो. ‘मेयो’ म्हटलं की प्रश्न मिटतो. माझं माहेर नागपूरचं. मेयोत भरती केलं, मेयोतून सुट्टी झाली, हे शब्द ऐकतच मी मोठी झाले आणि त्या नावामागे कुणी माणूस असेल हे कधी मनातही आलं नाही. तो माणूस मला पुष्कळ पुढे अंदमानात भेटला, एका फुलपाखराच्या नावात.

पॅपिलिओ मेयो. इंग्रजीत त्याला अंदमान मॉरमॉन म्हणतात. हे पाखरू अंदमानच्या बेटांवर उडतं आणि पृथ्वीच्या पाठीवर दुसरीकडे कुठेही उडत नाही. नर जवळजवळ संपूर्ण काळा, मागच्या पंखांवर फिकट निळा रुंद पट्टा. मादीचा थाट निराळा: पुढच्या पंखाच्या बुडाशी तांबडा डाग आणि मागच्या पंखांवर पांढरं. दोघांना शेजारी ठेवलं तर नवरा-बायको म्हणून कुणी ओळखणार नाही. पण ज्याने कोकणात किंवा घाटात ब्लू मॉरमॉन पाहिलंय त्याला हा नर परका वाटायचा नाही. ब्लू मॉरमॉन म्हणजे आपलं राणी पाखरू. २०१५ साली महाराष्ट्राने त्याला राज्य फुलपाखराचा मान दिला. असा मान फुलपाखराला देणारं हे देशातलं पहिलं राज्य. सह्याद्री, दक्षिण भारत आणि श्रीलंका हा त्याचा मुलूख. मेयो त्याच्याच गोतावळ्यातलं, समुद्रापलीकडचं.

त्याचं नाव ज्याच्यावरून पडलं त्याची हकिगत आधी सांगते, कारण ती हकिगत आणि हे पाखरू एकाच डोंगरावर भेटतात.

रिचर्ड बर्क, सहावा अर्ल ऑफ मेयो, १८६९ साली हिंदुस्थानचा व्हाइसरॉय झाला. १८७० मध्ये तो वऱ्हाडात आला आणि खामगावच्या कापसासाठी टाकलेल्या रेल्वेच्या फाट्याचं उद्घाटन त्याने केलं. देशातली पहिली शिरगणती झाली तीही त्याच्याच काळात, १८७२ मध्ये. त्याच वर्षाच्या फेब्रुवारीत तो ग्लासगो नावाच्या जहाजातून पोर्ट ब्लेअरला पोहोचला. अंदमानात कैद्यांची वसाहत बसवून तेव्हा चौदा वर्षं झाली होती आणि तिथला कारभार त्याला स्वतः पाहायचा होता. ८ फेब्रुवारीला दिवसभर बेटं हिंडून झाल्यावर, उन्हं उतरताना, त्याच्या मनात माउंट हॅरिएट चढायचं आलं. आजारी लोकांसाठी तिथे हवापालटाचं ठिकाण करता येईल का हे बघायचं होतं. वर पोहोचल्यावर सूर्यास्त पाहून तो हरखून गेला, असं त्याच्या चरित्रकाराने लिहून ठेवलंय. उतरून होपटाउनच्या धक्क्यावर येईपर्यंत अंधार पडला होता, मशाली लावल्या होत्या, खाली बोट उभी होती. तिथे शेर अली आफ्रिदी नावाच्या कैद्याने मागून झडप घालून त्याच्या पाठीत सुरा खुपसला. लेडी मेयो जहाजावर वाट पाहत होती.

शेर अली मूळचा सरहद्दीवरचा पठाण, पूर्वी इंग्रजांच्याच नोकरीत घोडेस्वार. घरच्या वैरातून झालेल्या खुनाबद्दल १८६७ मध्ये त्याला फाशीची शिक्षा झाली आणि मग ती जन्मठेपेवर आली. अंदमानात त्याची वागणूक चांगली म्हणून त्याला न्हाव्याचं काम करायची मुभा मिळाली होती. ११ मार्च १८७२ रोजी व्हायपर बेटावर त्याला फाशी दिली.

त्यानंतर दोनेक वर्षांतली गोष्ट. बंगालच्या शिक्षणखात्याचे संचालक विल्यम अ‍ॅटकिन्सन हे फुलपाखरांचे अभ्यासक होते. अंदमानातल्या दोन नव्या जातींचं वर्णन त्यांनी लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेच्या अंकात छापलं. एका जातीला बेटांचं नाव मिळालं, दुसरीला मारल्या गेलेल्या व्हाइसरॉयचं.

दीडशे वर्षांत त्या मुलखावरच्या कितीतरी पाट्या बदलल्या. रॉस बेट २०१८ मध्ये नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप झालं. माउंट हॅरिएटचं २०२१ मध्ये माउंट मणिपूर झालं, कारण १८९१ च्या युद्धानंतर मणिपूरचे महाराज कुलचंद्र सिंह आणि त्यांच्या सहकाऱ्यांना इंग्रजांनी त्याच डोंगरावर ठेवलं होतं. पोर्ट ब्लेअर २०२४ पासून श्री विजयपुरम आहे. पाखराचं नाव मात्र कुणाला बदलता येत नाही. प्राण्यांच्या शास्त्रीय नावांचा नियमच असा, की जे नाव आधी रीतसर छापलं गेलं ते टिकतं, मग सत्ता कुणाचीही येवो. त्यामुळे मेयो साहेबाचं नाव त्या डोंगरावर आज फक्त पंखांवर उरलंय, आणि नागपुरात रिक्षावाल्यांच्या तोंडी.

आम्ही गेलो ते जानेवारीत, बहुतेक मराठी माणसं जातात तसेच, सेल्युलर जेलसाठी. तिथे काय वाटतं ते मी लिहिणार नाही. ज्यांनी ती कोठडी पाहिली आहे त्यांना माहीत आहे. एवढंच सांगते, की १८९६ ते १९०६ या काळात बांधलेल्या त्या इमारतीचे सात हात अशा बेताने मांडले होते, की एका हातातल्या कोठडीच्या दारातून समोरच्या हाताची नुसती पाठ दिसावी, दुसऱ्या कैद्याचं तोंड दिसू नये. बाबाराव आणि विनायकराव सावरकर हे सख्खे भाऊ एकाच तुरुंगात होते आणि भेटीला मोताद होते. रात्री ध्वनिप्रकाशाचा कार्यक्रम संपला तेव्हा आमच्या गटातलं कुणीच बोलत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बाकीचे समुद्रात खेळायला गेले. मी चॅथमच्या धक्क्यावरून फेरीने बांबू फ्लॅटला उतरले आणि गाडी करून डोंगरावर गेले. सहलवाले हा डोंगर दाखवतात तो एका नोटेपुरता: वीस रुपयांच्या जुन्या लाल नोटेवरचं दीपगृहाचं चित्र इथून दिसणाऱ्या देखाव्याचं आहे. लोक नोट हातात धरून फोटो काढतात आणि परततात. त्यांची गाडी फिरते तिथूनच रान सुरू होतं. काला पत्थरकडे पायवाट जाते. दोन्ही अंगांना गर्जनाचे सरळसोट बुंधे, पडौक, वेत, आणि ओल. आपल्या सह्याद्रीच्या रानात जानेवारीत पानगळीचा कोरडा वास सुटतो. इथे नाकाला मातीचा ओला वास येत होता.

नर प्रथम दिसला तो वाटेच्या वळणावर, झऱ्याचं पाणी मुरलेल्या चिखलात. चिखलपान करत होता. फुलपाखरांच्या नरांची ही खोड सगळीकडे सारखीच. ओल्या मातीतले क्षार ते सोंडेने ओढून घेतात. एकदा का ते प्यायला बसले की माणूस पुष्कळ जवळ जाऊ शकतो. मी गुडघ्यांवर बसले. पंख थरथरत होते, उघडत होते, मिटत होते. उघडले की काळ्यावर तो निळा पट्टा दिसायचा. तळहाताहून मोठं जनावर. (आमच्याकडे देवरुखला फुलपाखराला जनावर म्हटलेलं चालतं, आणि हे इतकं ठसठशीत होतं की दुसरा शब्द सुचला नाही.) मग काय झालं कळलं नाही, ते उठलं आणि पडौकाच्या उंचीवरून सरळ दरीकडे निघून गेलं. ब्लू मॉरमॉनची उडण्याची ऐट जशीच्या तशी: चार-दोन दमदार फटके, मग तरंगत जाणं, मग पुन्हा फटके.

मला रडू आलं हे खरं आहे. आदल्या रात्रीचं काहीतरी आत साचलेलं असणार. पण त्यापेक्षा मोठं कारण माझ्या लक्षात परतीच्या बोटीत आलं, आणि हा लेख त्यासाठीच लिहायला घेतला.

अंदमानात बंदिवान ठेवायला इंग्रजांना सुरुवातीला भिंत लागली नाही. १८५८ च्या मार्चमध्ये डॉक्टर वॉकरने दोनशे कैदी इथे उतरवले तेव्हा तुरुंगच नव्हता. समुद्र पुरेसा होता. त्यांतले कितीतरी जण पळाले, या रानात शिरले, आणि जे परत हाती लागले त्यांपैकी ऐंशीहून अधिक जणांना वॉकरने एकाच वेळी फासावर चढवलं. रान ओलांडलं तरी पुढे पाणीच. कलकत्ता आणि मद्रास दोन्ही बाराशे-तेराशे किलोमीटर दूर. काळं पाणी म्हणतात ते हेच पाणी, आणि ते कोठडीच्या गजांपेक्षा पक्कं होतं.

मेयो नावाची जात घडली ती याच पाण्यामुळे. हिमयुगात समुद्राची पातळी शंभराहून जास्त मीटर खाली गेली होती आणि ब्रह्मदेशाचा किनारा आजच्यापेक्षा पुष्कळ जवळ होता. या गोतावळ्यातली पाखरं दांडगी उडणारी. वाऱ्याच्या तडाख्यात चार-दोन इथवर यावीत यात नवल नाही. पुढे काय होतं हे जीवशास्त्राने अनेक बेटांवर तपासलंय. मुख्य भूमीवरच्या नातलगांशी सोयरीक तुटते. थोड्याच जीवांचं रक्त पिढ्यान्‌पिढ्या आपसातच फिरतं. इथला पाऊस, इथली झाडं, इथले पक्षी जे टिकवतील ते टिकतं, आणि हजारो पिढ्यांनंतर त्या बेटांवर असं काहीतरी उडत असतं जे पूर्वी कुठेच नव्हतं. समुद्र थोडा अरुंद असता, येणं-जाणं चालू राहिलं असतं, तर मेयो झालंच नसतं. ज्या पाण्याने माणसांची आयुष्यं गिळली त्याच पाण्याने हा निळा पट्टा राखला. दोन्ही खरं आहे. एकामुळे दुसरं हलकं होत नाही आणि मी ते हलकं करू पाहत नाहीये. पण त्या डोंगरावर या दोन गोष्टी मला सुट्या करता येईनात.

या गोतावळ्याचं आणखी एक देणं आहे आणि ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. मेयो आणि ब्लू मॉरमॉन यांचा मोठा भाऊबंद म्हणजे पॅपिलिओ मेम्नॉन, ग्रेट मॉरमॉन. त्याची मादी एक नाही, अनेक रूपांची असते. काही रूपं विषारी फुलपाखरांची हुबेहूब नक्कल करतात, म्हणजे पक्षी त्यांच्या वाटेला जात नाहीत. लिव्हरपूलचे डॉक्टर सिरिल क्लार्क यांना अशा फुलपाखरांचा नाद होता. १९५० च्या दशकात फिलिप शेपर्ड या आनुवंशिकीच्या अभ्यासकाबरोबर त्यांनी पाखरांच्या जोड्या लावून पिढ्या वाढवायला सुरुवात केली, आणि नकलेचे वेगवेगळे गुण एकमेकांना चिकटलेल्या जनुकांच्या गठ्ठ्याने खाली येतात हे दाखवलं. क्लार्क पेशाने वैद्य. माणसाच्या आरएच रक्तगटाचा वारसा त्यांना या पाखरांच्या वारशासारखा दिसू लागला, आणि त्या वाटेने त्यांचा गट अँटी-डी इंजेक्शनपर्यंत पोहोचला. आईचं रक्त निगेटिव्ह आणि बाळाचं पॉझिटिव्ह असेल तर पुढची बाळं दगावू नयेत म्हणून आज जे इंजेक्शन देतात, ते हे. माझी धाकटी बहीण निगेटिव्ह. तिला ते मिळालं. तिची दोन्ही मुलं धडधाकट आहेत. फुलपाखरांचा अभ्यास म्हणजे निवृत्त माणसांचा विरंगुळा असं कुणी म्हणालं की मला ही दोन मुलं आठवतात.

आता काळजीचं.

सगळं अंदमान मिळून सुमारे ६,४०० चौरस किलोमीटर. एकटा रत्नागिरी जिल्हा ८,२०० आहे. म्हणजे एका जातीचं अख्खं जग आमच्या जिल्ह्यात मावून वर जागा उरेल. डोंगरावरचं राष्ट्रीय उद्यान तर जेमतेम ४७ चौरस किलोमीटरचं. ब्लू मॉरमॉनला देवरुखमध्ये दिवस वाईट आले तर ते कोयनेत असेल, आंबोलीत असेल, केरळात असेल, लंकेत असेल. मेयोला ‘दुसरीकडे’ नाही. बेटावरच्या जीवाबद्दल बोलताना मी हे आधी सांगते, कारण ‘अजून बरीच दिसतात की’ हे वाक्य अशा जीवाबाबत फसवं असतं. आज ती दिसतात, ठीक दिसतात. चांगलं रान शाबूत आहे तोवर दिसतील.

रान पोखरतं कोण? लाकूडतोड आहे, वस्ती आहे, रस्ते आहेत, ते सगळ्यांना कळतं. मला चटका बसला तो चितळांचा. इंग्रजांनी शिकारीसाठी चितळ आणून सोडले. इथे वाघ नाही, बिबट्या नाही. चितळ वाढले, पोहत पोहत बेटामागून बेट व्यापत गेले, आणि रानातली खालची रोपं, कोवळे कोंब फस्त करत राहिले. रॉस बेटावर पर्यटक त्यांना हाताने खाऊ घालतात, मुलांबरोबर फोटो काढतात. मीही त्या घोळक्याजवळ उभी होते, आणि पायांखालची जमीन बघितली तर झाडाचं एक पिल्लू दिसेना. मोठी झाडं उभी आहेत, त्यांची पुढची पिढी नाही. सुरवंट जगतात ते कोवळ्या पानांवर.

निकोबारात मेयो नाही, पण त्याच्या नातलगांच्या काही बेटापुरत्या उपजाती आहेत. तिथे ग्रेट निकोबारवर बंदर, विमानतळ आणि नवं शहर बांधण्यासाठी सुमारे १३० चौरस किलोमीटर रान द्यायला मंजुरी मिळाली आहे. त्या बदल्यात झाडं लावायची आहेत ती हरियाणात, म्हणजे दोन हजारांवर किलोमीटर दूर. हरियाणात लावलेलं झाड निकोबारच्या पाखराला कसं पोहोचणार, याचं उत्तर मला कुणी समजावून दिलं तर मी ऐकायला तयार आहे.

आणि माणसं. व्हाइसरॉय मेयो ज्या रानात शेवटचं चढला ते ग्रेट अंदमानी लोकांचं रान होतं. तेव्हा ते हजारोंनी होते, आज पन्नासच्या आसपास उरलेत. पोर्ट ब्लेअरच्या आसपास बोलली जाणारी आका-बेआ भाषा केव्हाच गेली. आका-बो भाषेच्या शेवटच्या भाषक, बोआ सीनियर, २०१० मध्ये वारल्या. अ‍ॅटकिन्सनने नाव ठेवलं म्हणजे पाखरू बारशाविना बसलं होतं असं थोडंच आहे. हजारो वर्षं त्याच्याकडे बघणारी माणसं त्या वाटेवरून चालत होती.

डोंगरावर मला नेणारा गाडीवाला ‘लोकल’ होता. अंदमानात लोकल म्हणजे कैद्यांचे वंशज. शिक्षेची काही वर्षं काढल्यावर स्त्री आणि पुरुष कैद्यांची तिथेच लग्नं लागायची, जात-प्रांत बघण्याची सोय नव्हती, आणि त्यांची मुलं हिंदी बोलत वाढली. मी मराठी आहे कळल्यावर तो म्हणाला, “हमारी परदादी भी बम्बई साइड की थी, मॅडम.” गाव कुठलं, आडनाव काय, काही नाही. आजीच्या तोंडून एवढंच खाली आलेलं. साताऱ्याची असेल, खानदेशातली असेल, कोकणातलीही असेल. मी चिखलात गुडघे टेकून बसले होते तेव्हा तो मागे शांत उभा होता, आणि पाखरू गेल्यावर त्याने विचारलं, हे खास आहे का, कारण आमच्या आवारात रोज येतं. मी त्याला म्हटलं, हे फक्त तुमच्याकडे आहे. दिल्लीत नाही, मुंबईत नाही, अमेरिकेत नाही. त्याने दोनदा विचारून खात्री करून घेतली. मग खाली येईपर्यंत तो वाटेत भेटलेल्या प्रत्येकाला गाडी थांबवून हे सांगत होता.

गेल्या पावसाळ्यात त्याचा फोन आला. घरामागच्या लिंबावर मोठाले हिरवे सुरवंट लागलेत, पानं खातायत, औषध मारू का? फोटो पाठवला होता. हात लावला तर डोक्यामागून शिंगांसारखं काहीतरी बाहेर काढतात आणि घाण वास येतो, असंही म्हणाला. मॉरमॉनांची बरीच पिलावळ लिंबाच्या कुळावर वाढते. ती लहानपणी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, मोठेपणी हिरवी होते, आणि हे वास सोडणारं शिंग सगळ्यांनाच असतं. फोटोवरून मला जात सांगता येईना. ती कॉमन मॉरमॉनची असतील, तोही अंदमानात भरपूर. मी म्हटलं, औषध मारू नका, झाड मरत नाही, पानं परत फुटतात. कोश झाले की मला कळवा, आणि पाखरू बाहेर आलं की पंख पूर्ण उघडल्यावर वरून फोटो काढा, म्हणजे नक्की सांगता येईल. तो म्हणाला, आई रागावते, माशाच्या कालवणात ती याच लिंबाची पानं घालते. मग थोडं थांबून म्हणाला, रस्त्याकडच्या फांद्या आईला आणि मागच्या फांद्या सुरवंटांना, असं ठरवतो.